धरणाच्या काठावर थंडीत तंबू टाकताय? आधी खालचं बघा

डिसेंबर लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे दोन गोष्टी सुरू होतात, एक भरीत पार्ट्या आणि दुसरं म्हणजे 'यंदा धरणावर मुक्काम ठोकू' असे ग्रुपवरचे मेसेज. कोणी हतनूरच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जातं, कोणी गिरणा धरणावर, कोणाला पक्षी बघायचे असतात, कोणी थेट तोरणमाळला यशवंत तलावाशी. मग तंबू घेतला जातो, ऑनलाइन, रंग बघून, किती माणसांचा ते बघून, फार तर वॉटरप्रूफ आहे का ते बघून. खाली काय टाकायचं हे निघायच्या दिवशी दुपारी आठवतं आणि घरातली सतरंजी, कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचं जुनं फ्लेक्स असं हाताला लागेल ते गाडीत कोंबलं जातं. रात्री अकरापर्यंत शेकोटी असते तोवर मजा, पहाटे तीनला एकेक जण उठून बसतो, भलती थंडी वाजी राहिनी भो, आणि सगळ्यांची समजूत अशी की पांघरूण कमी पडलं. पांघरूण बरोबर असतं हो, थंडी खालून येत असते.

म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, तंबू साधा घेतला तरी चालतो, तळ साधा चालत नाही. बजेट ठरलेलं असेल तर तंबूतले थोडे पैसे कमी करून खालच्या सामानावर घाला.

आधी हे समजून घ्या की तळाला कामं तीन आहेत

पाणी अडवणं, थंडी अडवणं आणि टोचणं अडवणं. नवीन माणूस काय करतो, एकच वस्तू शोधतो जी तिन्ही करेल, आणि दुकानदार पण म्हणतो हो हीच घ्या. तशी वस्तू नाही. ताडपत्री पाणी अडवते पण थंडी जशीच्या तशी वर सोडते. फोम थंडी अडवतो पण काट्यापुढे टिकत नाही. सतरंजी टोचणं जरा कमी करते, बाकी ओल पिऊन बसते. तेव्हा थर लावायचे, प्रत्येक थराला एक काम.

थंडीचं गणित थोडक्यात असं. उष्णता अडवते ती वस्तूत कोंडलेली हवा, वस्तू स्वतः नाही. आणि पाणी हे स्थिर हवेपेक्षा साधारण पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणजे ज्या वस्तूत हवा कोंडलेली आहे तिच्यात ओल शिरली की तिचं काम संपलं. गादीचं हेच होतं. आता कापसाच्या मुलखात राहून कापसाच्या गादीविरुद्ध बोलणं बरं दिसत नाही, पण घरातली मऊ गादी पाठीखाली वजनाने दबते, दबली की तिच्यातली हवा जाते, शिवाय जमिनीची आणि दवाची ओल ती शोषत राहते, पहाटेपर्यंत गार आणि जड. घरात खाटेवर ती उत्तम आहे, काळ्या मातीवर नाही.

आणि झोपलेल्या माणसाचं अर्धं अंग जमिनीला टेकलेलं असतं हे विसरू नका. धुळ्याचा पारा कडाक्याच्या दिवसात पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, जळगावला थोडा वर, पण पाण्याच्या काठाला उघड्यावर आपल्याला जाणवतं ते पेपरातल्या आकड्यापेक्षा जास्तच, कारण वारा आणि ओल दोन्ही असतात.

मग जमीन बघा, तंबू उघडायच्या आधी

दुपारी पोचा. संध्याकाळी अंधारात पोचून टॉर्चच्या उजेडात जागा शोधणं म्हणजे नशिबावर सोडणं आहे.

आपल्याकडची काळी कसदार जमीन वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते, पाय ठेवला तर कडक लागते, आणि दोन बोटं खाली उकरलं की ओली. ही माती पाणी धरून ठेवते, शेतासाठी छान, झोपण्यासाठी वाईट. परीक्षा सोपी आहे. मूठभर माती खालून काढा, मुठीत दाबा. गोळा झाला आणि हात उघडल्यावर तसाच राहिला तर ओल भरपूर आहे. भुगा झाला तर ठीक. याहून भरवशाची परीक्षा म्हणजे गेल्या गेल्या प्लास्टिकचा एक तुकडा जमिनीवर पसरून कडेला दगड ठेवायचे, तासाभराने उचलून खालची बाजू बघायची. खालून थेंब धरलेले दिसले तर रात्री तेच थेंब तुमच्या अंथरुणाखाली असणार, जागा बदला किंवा तळाचा थर वाढवा.

धरणाच्या काठाला अजून एक भानगड असते. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं आणि हिवाळ्यात शेतीला आवर्तन सुटलं की पाणी हळूहळू मागे सरकतं, मागे गाळाचा पट्टा उघडा पडतो. ज्या पट्ट्यात लोक गाळपेर करतात तोच. वरून सपाट, एकही दगड नाही, तंबूसाठी एकदम भारी वाटतो. तिथे टाकू नका. पपडीखाली तो दलदलीसारखा मऊ असतो, खुंटी धरत नाही, आणि रात्रभर ओल वर येते. गळ टाकायला पाण्याजवळ बसा, झोपायला तीस-चाळीस पावलं मागे चढावर या.

मुरमाड जागा मिळाली तर सोनं समजा. पाणी मुरतं, चिखल होत नाही, फक्त खडे वेचायला अर्धा तास द्यावा लागतो. ते खडे खरंच वेचा, पायाने बाजूला सारून भागत नाही, हाताने. गुडघे टेकून तळहात फिरवत गेलं की जे टोचतं ते बाहेर. सराटे दिसले तर ती जागाच सोडा, कारण सराट्याचा काटा फोममध्ये घुसून तुटतो आणि टोक आत राहतं, मग पुढच्या मुक्कामाला तेच टोक पाठीला. बाभळीखाली आणि वेड्या बाभळीखाली तर अजिबात नको, सावली छान असते पण खाली काट्यांचा थर असतो.

वाळू झोपायला मऊ, अंगाचा आकार घेते, कोरडी असेल तर बरीच उबदार पण. पण नदीच्या पात्रात तंबू नको. गिरणेत, पांझरेत, तापीत वरून पाणी सोडलं तर कोरडं पात्र रात्रीतून वाहायला लागतं, गिरणेचं आवर्तन जामद्याच्या बंधाऱ्याकडे निघालेलं असेल तर तुमच्या झोपेसाठी ते थांबणार नाही. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरून मुक्काम करण्याचा विचारसुद्धा नको. बॅकवॉटरच्या बाजूला, चांगदेवकडे वगैरे, काठ बघून, गावातल्या माणसांना विचारून टाका. विचारणं यासाठी पण गरजेचं की बहुतेक धरणांमध्ये मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, गळ टाकायचा तर त्यांना विचारूनच, आणि ते लोक जागेबद्दल जे सांगतील ते कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

खोलगट जागा टाळा. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन नाल्यात, खळग्यात साठते. दहा-बारा फूट वर चढलं तरी फरक कळतो, दहिवर, म्हणजे दव, पण कमी पडतं.

तंबूचा स्वतःचा तळ कसा आहे ते बघा

घुमटाच्या आकाराचे जे तंबू मिळतात त्यांना बहुतेक शिवलेला तळ असतो, ताडपत्रीसारख्याच प्लास्टिकचा किंवा कोटिंग केलेल्या कापडाचा. हा तळ कडेला चार-सहा बोटं वर चढून मग भिंतीला शिवलेला आहे का बघा. शिवण जमिनीच्या लेव्हलला असेल तर ओल तिथूनच येते. आत बसून दाराची चेन लावा आणि कोपऱ्यात उजेड दिसतो का बघा, दिसला तर तिथून मुंगी पण येणार आणि विंचू पण.

काही तंबूंना, मंडपवाल्यांच्या पालांना तर नक्कीच, तळ नसतोच. चार भिंती आणि छप्पर. असा घेऊ नका असं मी म्हणत नाही, गळ टाकून रात्रभर बसणाऱ्यांना तो सोयीचा असतो, ओले बूट घालून आत-बाहेर करता येतं, मासा खाली पडला तर धुवायचं काही नाही. पण झोपायचं असेल तर आत वेगळा तळ लागतो आणि तो भिंतीपर्यंत नीट बसत नाही, फट राहतेच.

बर्फावर मासे धरणाऱ्यांचा प्रश्न अगदी हाच आहे. आमच्या नात्यातला एक पोरगा तिकडे अमेरिकेत मिनेसोटात असतो, हिवाळ्यात तळी गोठली की तिथले लोक बर्फावर तंबू उभारून, बर्फाला गिरमिटाने सात-आठ इंचाचं भोक पाडून त्यातून गळ सोडतात. चालत जायला निदान चार इंच जाडीचा नवा, पारदर्शक बर्फ हवा असं तिथला सरकारी विभाग सांगतो. त्यांचे तंबू बरेचदा बिनतळाचे, कारण भोक कुठे पडणार ते आधी माहीत नसतं. मग ते एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट आणतात, भोकाच्या जागी गोल कापलेल्या. नाहीतर होतं काय, आत हीटर लावला की बर्फाचा वरचा पापुद्रा वितळतो, पायाखाली गारेगार रबडी होते, आणि हीटर बंद केला की तीच परत गोठून मॅट बर्फाला चिकटून बसते. तो मला व्हिडिओ कॉलवर मॅट सोडवायची झटापट दाखवत होता तेव्हा खरं तर हसू आलं. पण एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे. उणे वीस अंशात बसून तो एवढा गारठत नाही जेवढे आपण सहा अंशांत गारठतो, कारण तो जाड बूट घालून खुर्चीवर बसलेला असतो, बर्फाला त्याचे फक्त दोन तळवे टेकलेत आणि तेही बुटाआडून. आपण टी-शर्टवर जॅकेट घालून आख्खी पाठ जमिनीला लावतो. म्हणून तिकडच्या लोकांना पायाखाली एक पातळ मॅट पुरते आणि आपल्याला आपल्या 'साध्या' थंडीत त्याहून जास्त लागतं.

आता सामान, एकेक

ताडपत्री. ही सगळ्यात खाली, तंबूच्या पण खाली. शेतीच्या दुकानात मिळते तीच, जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम अशी, सांगतात. १२० ते १५० जीएसएम तंबूखाली पुरते, २५० ची मजबूत पण उगाच वजन, नऊ बाय नऊ फुटाची १५० वाली साधारण सव्वा किलो आत येते, २५० वाली दोन किलोच्या जवळ जाते. मल्चिंग पेपर वापरू नका, तो पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो, एका खड्यात फाटतो. शेततळ्याच्या पन्नीचा उरलेला तुकडा मात्र कोणाकडे असेल तर मागून घ्या, ५०० मायक्रॉनचा कागद काट्यालाही दाद देत नाही, फक्त घडी नीट होत नाही आणि जड आहे, गाडीने जाणाऱ्यांसाठीच. फ्लेक्सला मी सुरुवातीला नावं ठेवली पण खरं सांगायचं तर ताडपत्रीच्या जागी फ्लेक्स चांगलं चालतं, छापील बाजू खाली करून टाका म्हणजे भाऊंचा चेहरा रात्रभर बघावा लागत नाही.

फोम. इथेच खरा खेळ आहे. फोम दोन प्रकारचा हे लक्षात ठेवा, एक स्पंजसारखा ज्यात पाणी शिरतं, सोफ्यातला असतो तो, आणि दुसरा बंद कप्प्यांचा ज्याच्या आतले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात म्हणून पाणी आत जात नाही आणि वजनाने फारसा दबत पण नाही. आपल्याला दुसरा हवा. दुकानात ओळखायचं कसं तर कोपरा अंगठ्याने जोरात दाबा, लगेच सपाट होऊन अंगठा खालच्या काउंटरला लागला तर सोफ्याचा, रबरासारखा विरोध केला तर बंद कप्प्यांचा. शक्य असेल तर तुकडा पाण्यात बुडवून पिळून बघा, काहीच निथळलं नाही पाहिजे.

बंद कप्प्यांत ईव्हीएच्या मॅट येतात, दोन बाय दोन फुटाच्या, कडेला दाते असलेल्या, लहान मुलांच्या खोलीत आणि जिममध्ये टाकतात त्या. १० ते १२ मिलीच्या घ्या. रंगीत ए-बी-सी-डीवाल्या मिळाल्या तरी घ्या, फक्त अक्षरं सुटी निघणाऱ्या नको, रात्री पाठीखालून 'क्यू' निसटतो आणि तिथे भोक. सात बाय सातच्या तंबूत नऊ मॅट बसतात, सहा बाय सहा फूट झोपायला होतात, एक फुटाची पट्टी दाराकडे चप्पल-बॅगेला राहते. भिंतीपर्यंत चिकटवून भरायचा हट्ट नको, तंबूच्या भिंतीवरून दहिवर आणि श्वासाची वाफ आतून ओघळते, मॅट भिंतीला लागली की ते पाणी मॅटवर येतं.

दुसरा प्रकार ईपीई, पांढरा, पॅकिंगमध्ये येतो तो, टीव्ही-फ्रिजभोवती गुंडाळलेला. रोलमध्ये मिळतो, हलका, स्वस्त, पण वरून चालून चालून लवकर फाटतो. म्हणून तो खाली आणि ईव्हीए वर असे दोन थर केले की एकदम मस्त जमतं, ईपीईचे सांधे आणि ईव्हीएचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, सांध्यातून थंडी येते. योगा मॅट चार-सहा मिलीची असते, एकटी पुरत नाही, तिसरा थर म्हणून ठीक.

चकचकीत चांदीचा कागद लावलेली मॅट फार विकली जाते. चांदी उष्णता परतवते हे खरं पण त्यासाठी समोर हवेची पोकळी लागते, अंगाखाली दाबून ठेवली की चांदीचा उपयोग जवळपास शून्य. जाड फोमवर चांदी असेल तर फोमसाठी घ्या, चांदीसाठी जास्त पैसे देऊ नका.

हवेची गादी नवीन लोकांना सगळ्यात आवडते. जाड असते म्हणून गरम वाटेल असं वाटतं पण आतली हवा मोकळी फिरते, खालचा गारवा वर आणते, आणि आपल्या काठांवरच्या काट्यांपुढे तिचा काय निभाव लागणार. वापरायचीच तर खाली फोम आणि गादीवर घोंगडी.

प्लायवूड. १२ मिलीचा आठ बाय चारचा एक पत्रा वीस किलोच्या वर भरतो, दुचाकीवर सोडाच. आणि तेवढ्याच जाडीच्या फोमपेक्षा प्लाय तीन-चार पट जास्त थंडी सोडतो. मग प्लाय कशाला तर खुर्चीसाठी, गॅससाठी, आणि मोठ्या मुक्कामासाठी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या वेळेला तापीकाठी लोक पालं टाकून कितीतरी दिवस राहतात, तसा मुक्काम असेल, ट्रॅक्टर-ट्रॉली जाणार असेल, तर भाजीचे प्लास्टिकचे कॅरेट पालथे मांडून त्यावर प्लाय आणि प्लायवर फोम, यासारखा तळ नाही. कॅरेट प्लायच्या चारी कोपऱ्यांखाली आणि मधोमध यायला हवेत, मध्ये मोकळं सोडलं की प्लाय दबतो आणि रात्रभर कुरकुरतो. कडेने गोणपाट सोडून वारा बंद करा.

आणि मग आपलं गावठी सामान. मक्याचा कडबा, बाजरीचं सरमाड, केळीची वाळलेली पानं, नवापूरकडे असाल तर भाताचा पेंढा. हे फुकट आहे आणि खरंच गरम आहे, फक्त जाड टाका, एक वीत टाकलं की झोपल्यावर अर्धं उरतं. खाली ताडपत्री आणि वर युरियाच्या गोण्या उसवून शिवलेली चादर, म्हणजे काड टोचत नाही आणि अंगाला चिकटत नाही. कडबा ज्याचा असेल त्याला विचारून घ्या आणि सकाळी परत द्या, जनावराचं खाणं आहे ते. दोन गोष्टींची भीती, आग आणि आतले पाहुणे. शेतात रचून ठेवलेल्या गंजीतून थेट उचलून तंबूत नेऊ नका, बाहेर काठीने झोडपून, झटकून मगच आत. कपाशीच्या काड्या अंथरायच्या नाहीत, त्या भरताची वांगी भाजायला.

टाकायचा क्रम

खडे-काटे वेचून झाले की जागा किंचित उताराची असेल तर डोकं कुठे येणार ते ठरवा, चढाकडे. ताडपत्री पसरा आणि ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं लहान राहील अशी आत दुमडा. हे सगळ्यात जास्त लोक उलटं करतात, मोठी ताडपत्री बाहेर मोकळी ठेवतात, मग तंबूवरून ओघळलेलं दहिवर ताडपत्रीवर पडतं आणि ती ते पाणी गोळा करून थेट तंबूखाली नेते. दुमड खालच्या बाजूला घाला, वरच्या नाही.

त्यावर तंबू, खुंट्या. भेगाळलेल्या काळ्या मातीत खुंटी भेगेत ठोकू नका, दोन भेगांच्या मधल्या ढेकळात तिरपी ठोका. वाळूत खुंटी धरतच नाही, तिथे गोणीत वाळू भरून तिला दोरी बांधायची.

तंबूच्या आत ईपीई, मग ईव्हीए, मग सतरंजी किंवा गोधडी, मग तुम्ही. सतरंजी वर का तर ईव्हीएवर अंग घसरतं आणि घाम चिकटतो, बाकी काही नाही. दाराच्या आत एक फूट मोकळं आणि दाराच्या बाहेर एक गोणपाट, कारण काळ्या मातीचा चिखल एकदा आत आला की सकाळपर्यंत सगळ्या तंबूभर होतो. चपला बाहेर काढायच्या पण पालथ्या, आणि सकाळी झटकूनच पायात.

आता आत आडवे पडून बघा, पाच मिनिटं, पांघरूण न घेता, उजेड आहे तोवरच. कुठे गार लागतं, कुठे टोचतं ते आत्ताच कळतं. ढुंगण आणि खांदे जिथे येतात तिथे सगळ्यात जास्त दाब असतो, उरलेला फोमचा तुकडा तिथेच घाला, पायाकडे नको.

खुर्ची आत घेणार असाल तर तिच्या चार पायांखाली प्लायचे हातभर तुकडे ठेवा. फोल्डिंग खुर्चीचा पाय मॅट, तंबूचा तळ आणि ताडपत्री तिन्ही एका दमात भोसकतो, विशेषतः बसणारा आमच्या अप्पांच्या वजनाचा असेल तर.

खाटेचं काय

बरेच जण विचारतात की फोल्डिंग खाट नेली तर हा सगळा खटाटोप कशाला. ओल आणि टोचणं सुटतं, मान्य. सापाच्या दृष्टीने पण चांगलं, मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिचा चावा बरेचदा फारसा दुखत पण नाही म्हणून कळत नाही, तेव्हा बिनतळाच्या पालात झोपायचं असेल तर मी खाटच सांगेन. पण थंडी? खाटेखालून गार हवा फिरत राहते आणि कॅनव्हास काही अडवत नाही. म्हणजे फोम खाटेवर पण लागतोच, वर एक, अंगाखाली. आपल्या जुन्या बाजेवर गोधडी पांघरायच्या आधी अंथरायची पद्धत आहे ती उगाच नाही.

आग आणि कोळसा

तळ फोमचा असो का कडब्याचा, तंबूत शेगडी नाही, कोळशाची तर नाहीच नाही. बंद तंबूत कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, झोपेत माणूस जातो, उठायची संधी मिळत नाही. विझत आलेले निखारे 'ऊब राहील' म्हणून घमेल्यात आत घेणारे लोक असतात, त्यांना तिथेच थांबवा, वडीलधारे असले तरी. बर्फावरचे ते लोक हीटर लावतात पण हवेची खिडकी उघडी ठेवून आणि वायूचा अलार्म लटकवून. आपल्याकडे त्याची गरजच नाही, तळ नीट असेल तर ऊब अंगाचीच पुरते. ईव्हीएवर गरम पातेलं ठेवलं की मॅट वितळून पातेल्याला चिकटते, म्हणून चहा पण बाहेर. शेकोटी तंबूपासून निदान पंधरा-वीस फूट, आणि वारा तंबूकडून शेकोटीकडे जाईल अशा बाजूला.

कणकेचं आमिष, उरलेलं भरीत, पुऱ्या तंबूत ठेवू नका. आधी मुंग्या येतात, मग उंदीर, मग उंदरामागे जे येतं ते.

सकाळी आवरताना

मॅट उचलल्या की खालची बाजू हमखास ओली असते, तळ फाटला असं समजून घाबरू नका, ती तुमच्याच श्वासाची आणि अंगाची वाफ गार तळाला लागून झालेली असते. पुसून, दोन मॅट एकमेकींना टेकवून उभ्या करा, अर्ध्या तासात वाळतात. वाळायच्या आधी पिशवीत भरल्या तर पुढच्या वेळेला बुरशीचा वास घेऊन झोपाल. ताडपत्रीची खालची बाजू वाळलेल्या मातीसकट घडी करा, घरी जाऊन झटका, ओल्या काळ्या मातीला तिथेच खरवडत बसलं की ती पसरते फक्त. सराटे असतील तर मात्र तिथेच, चिमट्याने, एकेक.

आणि घरी ईव्हीए ठेवायच्या त्या आतल्या खोलीत, आडव्या, वर वजन न ठेवता. गच्चीवर पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवून विसरलात तर आपला मे महिना त्यांना सोडत नाही, पंचेचाळीस अंशात त्या आकसतात, वाकड्या होतात, दाते एकमेकांत बसत नाहीत, आणि हे कळतं ते पुढच्या डिसेंबरात, धरणावर, अंधार पडल्यावर.